चतकोराला एक शब्द

चैत्र लागला की घरात पापडाच्या पिठाचा उग्र वास भरून राहतो. उडीद, हिंग, मिरी, पापडखार. नाकात गेला की शिंक येते, आणि माझ्या बाबतीत शिंकेच्या पाठोपाठ रागही येतो. वाळवणाचे आणि परीक्षांचे दिवस आमच्याकडे एकदमच उगवतात. अंगणात जुन्या धोतराच्या पानावर पापड पसरलेले, आणि कडेच्या सावलीत एखादं पोर डोळे मिटून काहीतरी घोकत बसलेलं. कावळे हाकलायला कुणीतरी लागतंच, मग जे घोकतंय त्याच्याच हातात काठी देतात. दोन्ही कामं एकदम उरकतात असा मोठ्या माणसांचा समज असतो. प्रत्यक्षात पापडही जातात आणि पाठही कच्चा राहतो.

आज काठी माझ्या उषाच्या हातात आहे. आमचं कामथडी पुणे-साताऱ्याच्या रस्त्यावर, त्यामुळे साताऱ्याकडे जाणारी सर्व्हिस मोटार गेली की धुळीचा लोट अंगणापर्यंत येतो. उषा तेवढ्यापुरता पदरासारखा आपला परकर पापडांवर धरते, धूळ खाली बसली की पुन्हा पुस्तक उघडते. जूनमध्ये तिला भोरच्या शाळेत घालायची आहे. तिथे इंग्रजी असणार, म्हणून इथल्या गुरुजींनी आतापासून तिला शब्द दिलेत. आधी उच्चार, मग अर्थ, मग वाक्य. ती तिन्ही एका सुरात म्हणते आणि मी आत लाट्या करता करता ऐकते. माझ्यासमोर माझी आई पापड लाटते आहे. वाळवणाला मदत म्हणून ती भोरहून आली आहे, आणि जाताना उषाचं नक्की करून जाणार आहे. उषा शाळेसाठी राहणार आजीकडेच, दुसरीकडे सोय कुठे?

उच्चार, अर्थ, वाक्य. हा क्रम मला कुणी शिकवायला नको. मी उषाएवढी होते तेव्हा भोरला आमच्या घरात दर गुरुवारी हाच क्रम चालत असे.

माझे वडील, अप्पा, संस्थानच्या कचेरीत कारकून होते. त्यांचं मोडी अक्षर इतकं सुरेख की दुसऱ्या खात्यातले लोकही त्यांच्याकडून मजकूर उतरवून घेत. पण इंग्रजीचं एक अक्षर त्यांना येत नव्हतं, आणि त्याची त्यांना आतून टोचणी होती. कचेरीत इंग्रजी कागद आला की परवा परवा लागलेला एखादा पोरगा तो ऐटीत वाचून दाखवायचा आणि अप्पांना मान हलवत उभं राहावं लागायचं. घरी येऊन ते आईला हे सांगत. आई म्हणे, "वाचू दे की, तुमचं काय जातंय?" अप्पा पायांवर पाणी घेत राहत.

त्या काळी भोरला आसपासच्या गावांतली, वेल्ह्याकडच्या डोंगरातली मुलं शिकायला येत. खोली कुठेतरी मिळे, जेवणाचं काय? मग वार लावून जेवायचं. सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या, असा आठवडा भरायचा. एखादा वार रिकामा राहिला तर त्या दिवशी चुरमुरे. घरोघरी या मुलांना त्यांच्या वाराच्याच नावाने ओळखत. आमच्या शेजारी बुधवार यायचा, पलीकडे शनिवार. आमच्याकडे गुरुवार. "गुरुवार आला का गं? पान मांड," असं आई म्हणायची. मला पुष्कळ दिवस वाटायचं की त्याला दुसरं नावच नसावं.

नाव होतं, सदाशिव. तो पासलीचा. डोंगराच्या कुशीतलं गाव, भातशेती, पावसाळ्यात जगाशी संबंध तुटलेला. मॅट्रिकला बसणारा, उंच, हाडकुळा, मानेवर नेहमी घामाची रेघ. मराठी बोलायचा अगदी डोंगरातलं. लई, न्हाई, हितं, तितं. आई त्याच्या पाठीमागे त्याच्या बोलण्याची नक्कल करून हसायची. पण तोच मुलगा इंग्रजी वाचायला लागला की त्याची पाठ ताठ व्हायची आणि आवाज बदलायचा. मला ते बघताना अंगावर काटा यायचा. एक माणूस तोंडातल्या तोंडात घर बदलतो आहे असं वाटायचं.

आमचा सौदा कसा ठरला ते सांगते. आमच्याकडे आग्रहाशिवाय वाढणं म्हणजे पाहुण्याचा अपमान. जेवणाऱ्याने ताटावर हात आडवा धरून "पुरे, पुरे" म्हणायचं, आणि वाढणाऱ्याने तो हात बाजूला सारून चतकोर भाकरी वाढायचीच. पोट भरलं असो की नसो, हात धरायचा आणि सारायचा. वार लावून जेवणाऱ्या मुलांना हा हात फार लवकर धरावा लागे, कारण भूक दाखवली तर लोभी म्हणतील. सदाशिव पहिली भाकरी संपायच्या आतच हात धरायचा. एकदा मी वाढत होते. मी म्हटलं, "आणखी चतकोर घेतलीस तर मला एक इंग्रजी शब्द सांगायचा."

तो चमकला. मग हळूच हात काढला. "बरं, वाढ."

त्या दिवसापासून चतकोराला एक शब्द. मी असा काही आग्रह करायला लागले की आई कौतुकाने शेजारणींना सांगू लागली, "आमच्या मालूला वाढायची फार हौस. सासरी नाव काढील." मी कसली नाव काढतेय! मला शब्द हवे होते. भाकरी आईची, पीठ अप्पांचं, आणि माल माझ्या पदरात. त्याचीही चंगळ होती. उपाशी राहून सभ्यपणा राखायची त्याला गरज उरली नव्हती, शिकवायचं म्हणून तो जेवत होता.

हात धुऊन तो ओटीवर बसायचा, मी उंबऱ्यात. डोळे मिटून आधी नुसता उच्चार. जीभ कुठे लावायची, ओठ किती मिटायचे. मग अर्थ. आणि शेवटी वाक्य, ते मात्र माझं मी करायचं. पुस्तकातलं वाक्य म्हटलं की तो चिडायचा.

"ह्ये जहाजाचं वाक्य कशाला? जहाज कुठं बगितलंस तू? नीरा नदीत?"

"पुस्तकात आहे म्हणून."

"पुस्तकातलं पुस्तकात ऱ्हाऊ दे. तुझ्या घरातलं वाक्य कर. घरातलं वाक्य इसरत न्हाई."

मग मी घरातली वाक्यं करू लागले. द काऊ इज अँग्री. अवर वेल इज डीप. माय फादर राइट्स ऑल डे. माझ्या शब्दांनी सगळं घर भरून गेलं. शेणाच्या पाटीला, दिव्याच्या काजळीला, माळ्यावरच्या उंदराला, प्रत्येकाला दुसरं नाव मिळालं, आणि ते नाव घरात फक्त मला ठाऊक होतं. घाटावर कपडे धुताना मी पाण्याकडे बघून ओठांतल्या ओठांत बोलायची. पलीकडच्या काठावर पांगारा फुललेला असायचा. नदीला पाणी कमी, दगड उघडे, त्यांवर पोरं आपापली पुस्तकं घेऊन पालथी पडलेली. सगळ्या गावावर परीक्षेचं सावट होतं आणि मी एकटी सुखात होते. इतकं निर्भेळ सुख मला पुढे मिळालं नाही, हे आज चाळिशी जवळ आल्यावर सांगायला हरकत नाही.

आई चुलीपुढे असायची. आम्ही ओटीवर बोलायला लागलो की तिची भांडी जरा जोरात वाजत. मी तेव्हा त्याचा अर्थ लावला नाही. मला दुसऱ्याच अर्थांची घाई होती.

माझी मराठी चौथी त्या वर्षी संपत होती. पुढे काय, हा प्रश्न घरात लोंबकळत होता. इंग्रजी शाळेत मुली जात होत्या, अगदी मोजक्या, वकिलांच्या आणि डॉक्टरांच्या. आईचं म्हणणं, "चौथी झाली, पुष्कळ झालं. आता घरात लक्ष घालू दे." अप्पांचं म्हणणं, "बघू." माझ्या वडिलांचं सगळं आयुष्य या "बघू"वर उभं होतं. कचेरीत मुरलेला माणूस, पुरावा बघितल्याशिवाय निकाल देत नसे. एके दिवशी ते म्हणाले, "मला काय कळतंय त्यातलं? गुरुवारी त्या मुलालाच विचारू. तो सांगेल हिला झेपेल की नाही."

मी जिंकल्यातच जमा होते. माझी साक्ष सदाशिव देणार होता. मला किती येतं हे या जगात त्याच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? तो मला म्हणालाही होता, "आमच्या वर्गात निम्म्या पोरांना तुझ्यावानी वाक्य जमत न्हाई." गुरुवार येईपर्यंत मी मनात शाळेत जाऊन पोचलेही. कुठल्या बाकावर बसायचं, कुठली वेणी घालायची, सगळं ठरलं. ते आठवलं की अजून माझे कान तापतात.

उन्हाळ्यात कचेरी सकाळची असे, म्हणून अप्पा दुपारी जेवायला घरी होते. दोघांची पानं शेजारी शेजारी. आई आमटी वाढत होती, मी भाकरी.

"काय सदाशिवराव," अप्पा म्हणाले, "आमच्या मालूची काय प्रगती? घालू का हिला तुमच्या शाळेत?"

सदाशिवने भाकरीचा तुकडा मोडला आणि तसाच हातात धरला.

"माले, म्हण बघू एखादा. अवघडातला म्हण," अप्पा मला म्हणाले.

अवघडातला मला लगेच सुचला. आदल्याच गुरुवारी शिकलेला. लिहायला लांबलचक, बोलायला आखूड, मधली काही अक्षरं तोंडाने म्हणायचीच नाहीत. ती सदाशिवने मला समजावून सांगितली होती, "ती पाव्हण्यावानी. नुसती बसून ऱ्हातात."

मी भाकरीची टोपली खाली ठेवली, डोळे मिटले. "डॉटर. मुलगी. माय फादर हॅज अ डॉटर."

अप्पांना काही कळलं नाही, पण ते हसले. त्यांच्या चेहऱ्यावर कौतुक असं क्वचित दिसे. सदाशिवकडे वळून त्यांनी विचारलं, "बरोबर म्हणाली का रे?"

तो ताटात बघत होता. "न्हाई," तो म्हणाला. "उच्चार चुकला."

मला वाटलं मी ऐकण्यात चूक केली. "मग बरोबर कसा?"

"डाऊटर," तो खालच्या आवाजात म्हणाला.

"दादा, तूच मला डॉटर शिकवलंस!"

"माले," आई म्हणाली, "मोठ्यांना असं बोलायचं नाही."

अप्पांचं हसू मावळलं. "समजून म्हणते, की नुसतंच पाठ?"

"नुसतंच पाठ, अप्पा. पोपटावानी." त्याने अजून मान वर केली नव्हती. "तिला न्हाई झेपायचं. ऱ्हाऊ द्या."

"बरं," अप्पा म्हणाले, आणि ताक मागितलं.

एवढ्यावर निकाल लागला. कुणी ओरडलं नाही, कुणी रडलं नाही. मी टोपली उचलून आत गेले. माझ्या मागे आईचा आवाज आला, "घे रे सदाशिव, आणखी चतकोर घे. लाजू नकोस." आग्रह आईने केला. तो जेवला. पोटभर जेवला.

त्याने एकच शब्द खोटा ठरवला असता तर मी भांडून घेतलं असतं. त्याने केलं ते फार वाईट होतं. घरात दुसऱ्या कुणाला इंग्रजी येत नव्हतं, मग माझ्याजवळचा प्रत्येक शब्द त्याच्याच भरवशाचा. हा माणूस खोटं बोलू शकतो हे कळल्यावर बाकीच्या शब्दांचं काय करायचं? विहिरीला त्याने सांगितलेलं नाव खरं होतं का? गायीचं? मी घाटावर उभी राहून एकेक म्हणून बघायची आणि प्रत्येकाचा मला संशय यायचा. खरं त्याने ओटीवर सांगितलं की ताटावर? हे विचारायला मी जाणार कुणाकडे? शाळेचं दार तर बंदच झालं होतं. हळूहळू मी म्हणायचंच सोडलं. घरातल्या वस्तू पुन्हा आपल्या मराठी नावांनी बसून राहिल्या.

पुढच्या गुरुवारी तो आला. पान मांडलं होतं, कारण वार चुकवायचा नसतो. मी वाढलं. एक भाकरी ठेवली. त्याने सवयीने ताटावर हात धरला. मी तशीच मागे फिरले. बिनआग्रहाची ती भाकरी खाऊन तो उठला आणि ओटीवर न थांबता गेला. परीक्षेला पुण्याला जाईपर्यंत असंच चाललं. मधे एकदा त्याने दारात मला हाक मारली, "मालू, ऐक की जरा." मी ऐकलं नाही. काय ऐकायचं होतं?

वैशाखात तो एकदाच येऊन गेला. पासलीहून पळसाच्या पानांच्या द्रोणात करवंदं आणली होती, काळीभोर, चीक लागलेली. ओटीवर ठेवून म्हणाला, "मालूसाठी हाईत." मी तो द्रोण उचलून सगळ्यांदेखत वासरापुढे ओतला. आई रागावली, म्हणाली, अन्नाचा असा अपमान करू नये. पुढे सदाशिव पास झाला, मुंबईला कुठेशी चिकटला, असं कानावर आलं. मला त्याच्या नोकरीचा, त्याच्या पगाराचा, त्याच्या इंग्रजीचा कित्येक वर्षं इतका राग होता की त्या रागाने मी घरं सारवली, धुणी आपटली, लग्न झालं, कामथडीला आले, पोरं झाली. राग कामाला लागला, मात्र सरला नाही.

आणि आज सकाळी अंगणातून उषाचा आवाज आला.

"डॉटर. मुलगी. डॉटर. मुलगी."

माझ्या हातातली लाटी तशीच राहिली. मी बाहेर गेले. "परत म्हण. कुणी सांगितला हा उच्चार?"

"गुरुजींनी," उषा म्हणाली. "चुकला का गं?"

चुकला नव्हता. मीही चुकले नव्हते. मला हे ठाऊक होतंच, असं म्हणण्यात अर्थ नाही. माझ्या कानाला ठाऊक होतं, माझ्या मनाला कधी खात्री देता आली नव्हती. मी पुन्हा आत आले आणि हातातली लाटी ताटात आपटली. आईने विचारलं, "काय झालं?"

"काय व्हायचंय? त्या तुझ्या गुरुवाराने माझं वाटोळं केलं. माझं बरोबर होतं. तो खोटं बोलला, अप्पांच्या तोंडावर खोटं बोलला, आणि तू त्याला चतकोर चतकोर वाढत होतीस."

आईने पापड लाटायचं थांबवलं नाही. लाटणं फिरवत, पापडाची कड बघत ती म्हणाली, "त्याला कशाला नावं ठेवतेस? त्याला मीच सांगितलं होतं."

मी लाट्यांचं ताट बाजूला सारलं.

"त्या गुरुवारी सकाळी तो पाणी भरायला विहिरीवर आला होता. म्हटलं, आज तुला विचारतील, तू नाही म्हण. तर मलाच सांगायला लागला, काकू, पोर लई हुशार हाय. म्हटलं, असेल. पण तू माझ्या मुलीशी ओटीवर बसून काय बोलतोस ते मला कळत नाही. हेच मी घाटावर चार बायकांत बोलले, तर तुझा एक तरी वार राहील का? परीक्षा तोंडावर आलीय तुझी."

"तू असं म्हणालीस? त्याला?"

"मग काय म्हणू?" आईचा आवाज चढला. "तुम्ही दोघं बोलायचात, हसायचात. मी चुलीपुढे बसून ऐकायची. माझ्याच घरात मला एक अक्षर कळत नव्हतं. कचेरीतून हे आले की गप्प. घरात माझ्याशी बोलायला एक तू होतीस. तू शाळेत गेली असतीस, मग ह्यांनी तुला पुण्याला धाडलं असतं, मग मी भिंतींशी बोलायचं? माझी पोर माझ्याजवळ राहावी असं वाटलं तर काय चुकलं?"

तिला खरंच काही चुकलं असं वाटत नव्हतं. तिने लाटलेला पापड उचलला, उजेडात धरून पातळ झाला का ते पाहिलं आणि सुपात टाकला. तो पापड इतका नितळ होता की त्यातून तिची बोटं दिसत होती.

आयुष्यभर मी चुकीच्या माणसावर राग धरला. सदाशिव खोटं बोलला हे खरंच, ते मी सोडत नाही. पण मला दारात हाक मारून तो काय सांगणार होता, हे आज कळलं. आणि मला विकलं कुणी, तेही कळलं. ज्या हाताने मला वेणी घातली, त्याच हाताने. मी सासरी निघाले तेव्हा ही बाई माझ्या गळ्यात पडून म्हणाली होती, "तुझ्याशिवाय माझं कोण आहे?" तेव्हा मी तिची समजूत काढली होती. आता मला ते आठवून रडूही येईना.

आणि आज हीच बाई उषाला आपल्याकडे न्यायचं नक्की करायला आली आहे. अप्पा गेले, घर रिकामं झालं. आता तिला मुलींच्या इंग्रजीचं वावडं नाही. इंग्रजीच्या पाठीवर बसून घरात एक पोर येणार आहे ना.

तेवढ्यात उषा काठी घेऊन दारात आली. तिला वाक्य जमत नव्हतं. "आई, वाक्य कुठलं करू? गुरुजींनी दिलंय ते राणीचं आहे."

"राणीचं नको," मी म्हटलं. "आपल्या घरातलं कर."

तिने डोळे मिटले. माझ्यासारखेच मिटते, मी कधी शिकवलं नाही. "डॉटर. मुलगी. माय मदर हॅज अ डॉटर."

आई कौतुकाने हसली. पिठाचे हात तसेच धरून तिने मला विचारलं, "बरोबर म्हणाली का गं?"

बाहेर कावळे उतरले होते. त्यांना हाकलायचं भान कुणालाच नव्हतं.

"बरोबर," मी म्हटलं. उषाकडे न बघता आईकडे बघून म्हटलं. "अगदी बरोबर. आणि हे बघ आई, ती जूनमध्ये तुझ्याकडे येईल. दुसरी सोय नाही म्हणून येईल. ती ओटीवर बसून जे काही म्हणेल, त्यातलं तुला एक अक्षर कळणार नाही. कुणी विचारलं, तर तू बरोबरच म्हणायचं."

आईने दुसरी लाटी घेतली, मग परत ठेवली. लाटणं पोळपाटावर आडवं ठेवून ती बराच वेळ पदराने हात पुसत राहिली.

दुपारी पानं घेतली. उषा आजीच्या शेजारी बसली, तिच्या तोंडाचा पट्टा चालू होता. भोरच्या घरी ओटी केवढी आहे, विहीर खोल आहे का, शाळा किती लांब. आई तिला सगळं सांगत होती, मधून मधून माझ्याकडे बघत होती. मी दोघींना वाढत होते. उषाला मी दुसरी भाकरी घातली. आईची पहिली संपत आली होती. तिने शेवटचा तुकडा आमटीत बुडवला, तोंडात घातला आणि मी टोपली घेऊन जवळ आलेली बघून रीतीप्रमाणे म्हणाली, "नको गं, पुरे आता."

ताटावर तिने हात आडवा धरला. मी टोपली आत नेऊन ठेवली आणि भाकऱ्यांवर फडकं टाकलं. बाहेर आले तरी तिचा हात तसाच ताटावर होता.